बॅटमॅनची ती रंगीत मालिका अखंड ठेवा: वॉर्नर आणि डिस्ने यांना खुलं पत्र

प्रति,
वॉर्नर ब्रदर्स आणि डिस्ने या कंपन्यांत जुन्या मालिकांच्या डिस्कचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

12 जानेवारी 1966 रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झालेली आणि 14 मार्च 1968 रोजी संपलेली 'बॅटमॅन' ही 120 भागांची मालिका आज तुम्हा दोघांच्या हातात आहे. पात्रं वॉर्नरची, कारण डीसी कॉमिक्स वॉर्नरच्या मालकीचं आहे. मालिका बनवली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने, आणि फॉक्सचा तो संग्रह 2019 मध्ये डिस्नेकडे गेला. त्यामुळे हे पत्र एकालाच लिहून भागत नाही. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे या मालिकेच्या चाहत्यांनी चाळीसहून जास्त वर्षं सोसलेलं आहे.

मागणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. 2014 साली मोठ्या मुश्किलीने निघालेला या मालिकेचा डिस्कसंच बाजारातून नाहीसा होऊ देऊ नका. यापुढे जो छापाल तो दुरुस्त केलेला आणि पूर्ण छापा. याच मालिकेवर निघालेला 1966 चा चित्रपट त्याच खोक्यात घाला. आणि मूळ फिल्म, ध्वनिपट, भागांच्या सुरुवातीचे-शेवटचे तुकडे हे सगळं कंपन्यांच्या पुढच्या खरेदी-विक्रीतून सुखरूप पार पडेल अशी तजवीज आजच लेखी करून ठेवा.

आता हे एवढ्या तळमळीने का लिहितोय ते सांगतो.

माझ्या पिढीच्या भारतीय प्रेक्षकाला बॅटमॅन भेटला तो काळोखात. ओल्या गल्ल्या, खोल आवाज, आईवडिलांच्या खुनाचं न संपणारं दुःख. ॲडम वेस्टचा बॅटमॅन आम्हाला त्यानंतर भेटला, आणि तो भर उजेडात, करड्या-निळ्या घट्ट कपड्यांत, कमरेला पिवळा पट्टा लावून, हात कमरेवर ठेवून उभा होता. अनेकांना तो बघून हसू आलं आणि त्यांनी पुढे बघितलंच नाही. मला मात्र तो लगेच ओळखीचा वाटला, कारण 1997 पासून दूरदर्शनवर 'शक्तिमान' बघत वाढलेली आम्ही मुलं. गुंडांची धुलाई झाल्यावर मुलांना चार चांगल्या सवयी सांगणारा नायक आमच्या अंगवळणी पडलेला होता. आपली गाडी, बॅटमोबाइल, सुरू करण्याआधी साथीदार रॉबिनला सीटबेल्ट लावायला सांगणारा बॅटमॅन त्याच गोतावळ्यातला निघाला.

या मालिकेला अजूनही 'बालिश' म्हणून बाजूला टाकणारे भेटतात, आणि तुमच्या कंपन्यांतही ते असतील असं मी धरून चालतो. त्यांनी फक्त पहिला भाग पाहावा. लोरेन्झो सेंपल यांनी लिहिलेला. बॅटमॅन एका डिस्कोथेकमध्ये जातो, तिथे दारू न मागता संत्र्याचा ताजा रस मागतो, त्या रसातच गुंगीचं औषध मिसळलेलं असतं, आणि मग तो दोन्ही हातांची दोन-दोन बोटं डोळ्यांसमोरून फिरवत तो प्रसिद्ध नाच करतो. तेवढ्यात रॉबिनला पळवून नेलं जातं. बॅटमॅन धडपडत गाडीकडे निघतो, तर पोलीस त्याला अडवतात: या अवस्थेत तुम्हाला गाडी चालवता येणार नाही. आणि गॉथम शहराचा रक्षणकर्ता ऐकतो. जिवलग साथीदार शत्रूच्या तावडीत असताना तो कायदा मोडत नाही. लहान मुलाला यात धडा दिसतो, मोठ्या माणसाला या सभ्यतेची टोकाची गंमत दिसते, आणि ॲडम वेस्ट यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. एकाच प्रसंगात घरातल्या दोन पिढ्यांना दोन वेगळ्या गोष्टी देणं हे फार कठीण काम आहे. ते या मंडळींनी आठवड्यातून दोनदा केलं.

कोकणात दशावतार पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे रंग भडक, मुकुट चकाकता, आवेश टिपेचा. पण नट एकदाही प्रेक्षकांना डोळा मारून 'हे सगळं खोटं आहे बरं' असं सुचवत नाही. सुचवलं की खेळ पडला. वेस्ट यांना हे पुरतं कळलं होतं. संवाद कितीही अचाट असो, तो ते न्यायाधीशाने निकाल वाचावा इतक्या गांभीर्याने आणि योग्य जागी थांबत म्हणायचे. बर्ट वॉर्ड यांचा रॉबिन दर दोन मिनिटांनी मुठीवर मूठ आपटून नवा उद्गार काढायचा, आणि तोही मनापासून. ॲलन नेपियर यांचा नोकर आल्फ्रेड, नील हॅमिल्टन यांचे पोलीस कमिशनर गॉर्डन, सगळे तसेच. गॉर्डन लाल टेलिफोन उचलतात तेव्हा त्यांच्या आवाजात राष्ट्रावर संकट आल्याची खरीखुरी काळजी असते.

खलनायकांबद्दल तर किती लिहावं. फ्रँक गॉर्शिन यांचा रिडलर हसता हसता एकदम गंभीर होतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. त्या कामासाठी त्यांना टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं, आणि मालिकेलाही विनोदी मालिकांच्या गटात मिळालं होतं. बर्जेस मेरेडिथ यांचा पेंग्विन, व्हिक्टर ब्युओनो यांचा किंग टट, व्हिन्सेंट प्राइस यांचा एगहेड. सीझर रोमेरो यांनी जोकरसाठी मिशी काढायला नकार दिला, म्हणून रंगभूषाकारांनी मिशीवरच पांढरा रंग फासला. जुन्या, धुरकट प्रतींमध्ये ती मिशी क्वचितच दिसायची. स्वच्छ केलेल्या डिस्कवर ती प्रत्येक जवळच्या दृश्यात स्पष्ट दिसते, आणि मला ती फार आवडते. त्या रंगाखाली एक हाडामासाचा, स्वाभिमानी नट आहे हे तिच्यामुळे कळतं.

हे सगळं दिसतं याचं कारण मालिका 35 मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रित झाली होती. नव्वदच्या दशकातल्या आमच्याकडच्या बहुतेक मालिका व्हिडिओ टेपवर झाल्या. टेपवर जेवढं नोंदलं गेलं तेवढंच हाती उरतं, नंतर कितीही यंत्रं लावली तरी त्यात तपशील वाढत नाही. फिल्मचं तसं नाही. मूळ निगेटिव्ह सांभाळली असेल तर साठ वर्षांनीही तिच्यातून असं चित्र निघतं जे 1966 साली घरात बसलेल्या एकाही प्रेक्षकाने पाहिलेलं नव्हतं. रिडलरच्या हिरव्या कपड्यांवरची प्रश्नचिन्हं, बॅटकेव्हमधल्या प्रत्येक यंत्रावर डकवलेली त्याच्या नावाची पाटी, खलनायकांच्या अड्ड्यात मुद्दाम तिरका धरलेला कॅमेरा. मारामारीच्या वेळी पडद्यावर फुटणारे ते मोठे शब्द सुरुवातीला चालू दृश्यावरच छापले जात. ते काम खर्चिक आणि वेळखाऊ होतं, म्हणून पुढे शब्दांच्या स्वतंत्र पाट्या मध्ये घालायला सुरुवात झाली. पैसे आटत गेले तशी मालिका कशी बदलली हेही स्वच्छ प्रतीत उघड दिसतं. दोरीला धरून इमारत चढण्याची दृश्यं आठवतात ना? भिंतीचा सेट जमिनीवर आडवा टाकलेला, कॅमेरा आडवा फिरवलेला, आणि वेस्ट-वॉर्ड वाकून चालतायत. मध्येच खिडकी उघडून कुणीतरी नामांकित पाहुणा डोकावतो: कधी जेरी लुईस, कधी सॅमी डेव्हिस ज्युनियर, कधी दुसऱ्या मालिकेतल्या ग्रीन हॉर्नेट या नायकाच्या वेषातले व्हॅन विल्यम्स आणि त्यांच्या शेजारी त्याचा साथीदार काटो याच्या वेषातला तरुण ब्रूस ली.

याच पाहुण्यांमुळे, असं म्हणतात, पुढे गाठी वाढल्या. प्रत्येक चेहरा, प्रत्येक गाणं म्हणजे एकेक परवानगी. गायिका लेस्ली गोर यांनी 1967 मध्ये कॅटवुमन या खलनायिकेच्या साथीदाराची भूमिका करत मालिकेत गाणं म्हटलं होतं. अशा गोष्टी डिस्कवर आणायच्या तर संगीताचे हक्क वेगळे सोडवावे लागतात. त्यावर मूळ तिढा होताच: पात्रं एकाची, चित्रफीत दुसऱ्याची, आणि निर्माते विल्यम डोझियर यांच्या कंपनीचा वाटा तिसरा. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला आणि गेला. डीव्हीडीचा जमाना आला, बहरला आणि ओसरायला लागला. फॉक्सने 1966 चा चित्रपट 2001 मध्ये डीव्हीडीवर आणि 2008 मध्ये ब्लू-रेवर आणला, पण मालिका तिजोरीतच राहिली. लोक टीव्हीवरून टेप केलेल्या प्रती एकमेकांना देत राहिले. पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना जागा करण्यासाठी भागांना कात्री लागलेली असायची, त्यामुळे त्या प्रतीही अपुऱ्याच.

जानेवारी 2013 मध्ये एक अशी गोष्ट घडली जी मला कधी विसरता येत नाही. 1955 च्या लिंकन फ्युचुरा या प्रायोगिक गाडीवरून जॉर्ज बॅरिस यांनी बनवलेली मूळ बॅटमोबाइल लिलावात निघाली आणि 40 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. म्हणजे त्या दिवशी मालिकेतली गाडी विकत घेता येत होती आणि मालिका विकत घेता येत नव्हती. लोकांच्या प्रेमाचा याहून मोठा पुरावा कंपन्यांना आणखी काय हवा होता? त्याच सुमारास थोडं सैल झालं. आधी खेळणी आली, मग 2013 मध्ये 'बॅटमॅन 66' ही कॉमिक्स आली. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतले टीव्ही सूत्रसंचालक कोनन ओब्रायन यांनी ट्विट करून सांगितलं की संपूर्ण मालिका निघणार आहे. जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात वेस्ट, वॉर्ड आणि कॅटवुमन झालेल्या ज्युली न्यूमार मंचावर बसले. 11 नोव्हेंबर 2014 रोजी संच दुकानांत आला.

शेवटचा भाग प्रसारित झाल्यापासून 46 वर्षं लागली. या 46 वर्षांत काय हरवलं ते कंपन्यांच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून इथे लिहितो. ब्युओनो 1982 मध्ये गेले. हॅमिल्टन 1984 मध्ये, नेपियर 1988 मध्ये. ज्यांनी ही मालिका कल्पिली आणि जिचं ते धीरगंभीर, दम लागलेलं निवेदन स्वतः केलं ते डोझियर 1991 मध्ये. रोमेरो 1994 मध्ये, मेरेडिथ 1997 मध्ये, गॉर्शिन 2005 मध्ये, अर्था किट 2008 मध्ये. यातल्या एकालाही संचासाठी कॅमेऱ्यासमोर बसवून त्या दिवसांबद्दल विचारता आलं नाही. एखादा प्रसंग बघत बघत त्यांनी सांगितलेल्या आठवणींचा ध्वनिपट आपल्याला कधीच मिळणार नाही. संच दहा वर्षं आधी निघाला असता तर गॉर्शिन आणि किट त्यात असते. सुदैवाने वेस्ट होते. ते 2017 मध्ये गेले. बॅटगर्ल झालेल्या इव्हॉन क्रेग यांनीही संच निघालेला पाहिला, 2015 मध्ये त्या गेल्या.

अर्था किट यांच्यापाशी थोडं थांबतो. ज्युली न्यूमार यांच्यानंतर तिसऱ्या हंगामात कॅटवुमन ही भूमिका एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीला देणं ही 1967 च्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती. त्यांची गुरगुर, त्यांचा तो 'र', डोळ्यांतली धार, सगळं फक्त मोजक्या भागांत आहे. त्यांचा शेवटचा भाग जानेवारी 1968 च्या सुरुवातीला आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी व्हाइट हाउसमधल्या एका भोजनाच्या वेळी त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध परखडपणे तोंड उघडलं, आणि अमेरिकेत त्यांना काम मिळणं पुढे वर्षानुवर्षं अवघड झालं. त्यामुळे या मोजक्या भागांचं मोल केवळ करमणुकीचं राहत नाही. एका मोठ्या कलावतीची, तिचे मार्ग बंद होण्याच्या अगदी आधीची ही चित्रफीत आहे. ती कापलेली, धुरकट किंवा अनुपलब्ध असणं मला मान्य नाही.

आता संचाबद्दल. तो निघाला तेव्हा खोकं उघडून लोकांनी फक्त चित्राची वाहवा केली असती तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण हे चाहते 120 भाग पाठ असलेले. मर्यादित आवृत्तीला सुमारे 270 डॉलर मोजून त्यांनी संच घेतला, जुन्या टेपा शेजारी लावल्या आणि ताडून पाहिलं. काही ठिकाणी निवेदनाचा तुकडा नव्हता, काही ठिकाणी पुढच्या खलनायकाची झलक दाखवणारा शेवट नव्हता. बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटेल. काही सेकंदांचं काय एवढं? पण ही मालिका त्या सेकंदांवरच उभी आहे. पहिली दोन वर्षं ती आठवड्यातून दोनदा दिसायची, बुधवारी आणि गुरुवारी. बुधवारचा भाग नायकांना मरणाच्या दारात सोडून संपायचा. कधी गोठवणाऱ्या यंत्रात, कधी करवतीच्या पात्याखाली. मग डोझियर यांचा आवाज विचारायचा: आता काय होणार? आणि सांगायचा: उद्या, याच वेळी, याच वाहिनीवर. पहिल्या हंगामात गुरुवारचा आणि बुधवारचा असे दोन्ही भाग देशातल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत होते, ते याच युक्तीमुळे. तो आवाज आणि ती झलक काढून टाकली की कथेचा सांगाडाच निखळतो.

वॉर्नरने त्या वेळी जे केलं ते मी मनापासून मान्य करतो. चुका दाखवून दिल्यावर तुम्ही दुरुस्त केलेल्या डिस्क तयार केल्या आणि ग्राहकांना बदलून दिल्या. मोठ्या कंपन्या एवढं सहसा करत नाहीत. पण बदलून दिलेली डिस्क ज्याने वेळेत मागवली त्याच्याच घरी गेली. आज जो नवा प्रेक्षक संच विकत घेईल, किंवा एखादं ग्रंथालय घेईल, त्याला खोक्यावरूनच कळायला हवं की आतल्या डिस्क दुरुस्त आहेत. म्हणून माझं पहिलं ठाम म्हणणं असं की यापुढे दुरुस्त प्रतच मूळ प्रत माना. डिजिटल विक्रीसाठी आणि स्ट्रीमिंगसाठी देताना तीच द्या. जुन्या, तुटक्या फाइल चुकूनही बाहेर पडू नयेत म्हणून त्यांच्यावर तशी नोंद करून ठेवा.

दुसरं म्हणणं चित्रपटाबद्दल. 30 जुलै 1966 ला आलेला तो चित्रपट पहिल्या आणि दुसऱ्या हंगामाच्या मध्ये घडलेला आहे. तेच नट, तेच लेखक सेंपल, चार खलनायक एकत्र, आणि कॅटवुमनच्या जागी ली मेरिवेदर. बॅटमॅन हातात पेटती वात असलेला बॉम्ब घेऊन बंदरावर धावतोय आणि जिकडे जावं तिकडे कुणीतरी निरपराध: नन, बाळाची गाडी घेऊन निघालेली बाई, बदकाची पिल्लं. या एका दृश्यात मालिकेचा सगळा स्वभाव आला. तरी 2014 च्या संचात हा चित्रपट नव्हता, कारण तो फॉक्सचा. डिस्नेच्या अधिकाऱ्यांनो, आता तो तुमचा आहे. तुम्ही वॉर्नरला त्यांच्या खोक्यात एक डिस्क ठेवू दिलीत तर तुमचं काहीही कमी होत नाही, विक्री दोघांचीही वाढेल. इतिहासात पहिल्यांदा ही कलाकृती एका जागी पूर्ण होईल.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचं. 2014 चा करार कुणी कुणाशी, किती मुदतीचा केला ते तुम्हालाच ठाऊक. पण त्यानंतर दोन्हीकडची घरं बदलली. फॉक्स डिस्नेत गेलं. 2022 मध्ये वॉर्नरचं डिस्कव्हरीशी लग्न लागलं. ज्यांनी तेव्हा टेबलावर बसून गाठी सोडवल्या त्यातले कितीजण आज तिथे आहेत? अशा उलथापालथीत जुनी मालिका कुणाच्याच यादीत पहिली नसते. आणि वॉर्नरच्या बाबतीत आमच्या मनात भीती आहे ती उगाच नाही. 2022 मध्ये चित्रीकरण पूर्ण झालेला 'बॅटगर्ल' चित्रपट तुम्ही प्रदर्शित न करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी तुमच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवेवरून अनेक मालिका रातोरात काढल्या गेल्या, त्यातल्या काही ज्यांनी बनवल्या त्यांनाही नीट कल्पना नव्हती. हिशेबाची कारणं असतील. पण त्या वर्षानंतर 'स्ट्रीमिंगवर आहे ना, मग डिस्क कशाला?' हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही.

डिस्क म्हणजे अमरपट्टा नाही, हेही आम्ही जाणतो. 2006 ते 2008 च्या दरम्यान तयार झालेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब होतायत हे 2025 मध्ये कंपनीनेच मान्य केलं. त्यामुळे एकदा छापून हात झटकणं पुरेसं नाही. मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून केलेली स्वच्छ प्रत, आणि भागांच्या सुरुवात-शेवटाचे सुटे तुकडे यांची एक सामाईक यादी दोन्ही कंपन्यांनी करावी, ती एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात किंवा विद्यापीठात ठेवावी. काय कुठे आहे हे निदान माहीत असेल तर पुढच्या पिढीला शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

ही धास्ती मला एक मराठी प्रेक्षक म्हणून जास्त वाटते. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या पहिल्या वर्षांतल्या नाटकांची, मुलाखतींची, मुलांच्या कार्यक्रमांची नावं आमच्याकडचे वयस्क लोक आजही डोळे चमकवत घेतात, आणि दाखवा म्हटलं तर दाखवायला फारसं काही नाही. टेप महाग होती, वापरलेलीच पुन्हा वापरली जायची. ब्रिटनमध्येही तेच झालं, 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले गेले आणि लोक अजून ते जगभर शोधतायत. तुमच्याकडे मात्र सगळं आहे. 120 पैकी 120. एकही भाग हरवलेला नाही. जे भाग्य आमच्या वाट्याला आलं नाही ते तुमच्या तिजोरीत पडून आहे, त्याची किंमत तुम्हाला बाहेरच्या माणसाने सांगावी लागू नये.

एक छोटी गोष्ट या मालिकेच्या शेवटाची. एबीसीने तिसऱ्या हंगामानंतर मालिका बंद केली. एनबीसी ही दुसरी वाहिनी ती चालवायला घेण्याच्या विचारात होती, पण तोपर्यंत सेट पाडून टाकलेले होते आणि ते पुन्हा उभारण्याचा खर्च परवडणारा नव्हता, असं चाहत्यांमध्ये आजही हळहळून सांगितलं जातं. थोडे दिवस थांबले असते तर अर्था किट आणि इव्हॉन क्रेग यांचे आणखी किती भाग झाले असते कोण जाणे. घाईने मोडलेली गोष्ट परत उभी राहत नाही हे या मालिकेच्या वाट्याला एकदा येऊन गेलंय.

शेवटचं मागणं व्यवहाराचं आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही. पुढची छपाई करण्याआधी तयार प्रत अशा चाहत्यांना दाखवा ज्यांनी 2014 मध्ये तुमच्या चुका शोधून दिल्या. त्यांच्याकडे याद्या आहेत: कुठल्या भागात कुठलं वाक्य, कुठल्या शेवटाला कुणाची झलक, कुठे संगीत बदललंय. ते काम ते मानधन न घेता, आनंदाने करतील. तुमच्या तपासनिसाला जे दिसणार नाही ते त्यांना पहिल्या फटक्यात दिसेल. आणि ते काम झाल्यावर सोबतच्या पुस्तिकेत त्यांचे आभार माना. 46 वर्षं ही मालिका जिवंत ठेवण्यात त्यांच्या टेप केलेल्या कॅसेटींचा वाटा कुठल्याही कंपनीपेक्षा मोठा आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक मराठी प्रेक्षक